भारोभार गूळ

माझं तोंड फाटकं, हे मलाबी ठाऊक हाय. पण आपलं माणूस रक्त ओकतंय म्हटल्यावर कोण तोलूनमापून बोलतं? आमचे मालक, महांतप्पा, पोटातली जखम फुटून सोलापूरला दवाखान्यात पडले, तवा म्या गावच्या महादेवाला हात जोडले, "देवा, ह्यांना उठव. ह्यांच्या भारोभार गूळ वाहीन."

उठवलं की देवानं! पण निम्माच माणूस परत दिला. पोट गेलं, गाल गेले, कंबरेला धोतर ठरंना. मुरुम गावच्या आडतीवरनं मोठा तराजू आणला, आन् देवळात वाद निघाला, भार कुठला? आधीचा का आताचा?

"नवस बोललीस त्या दिवशीचा," मठाचे स्वामी म्हणाले. "देवाला रोडक्या मापानं फसवतीस व्हय?"

मग आधीच्या वजनाचा गूळ चढवला. त्या पारड्यानं भुई धरली, आन् आमचे मालक दुसऱ्या पारड्यात मांडी घालून अधांतरी लोंबकळाया लागले. गूळ कमी करावा, तर देवाला घातलेलं काढायचं न्हाय.

"मग ह्यांच्याकडं एखादा दगड घाला की!" म्या म्हटलं.

"नवस माणसाचा हाय, दगडाचा न्हाय. पारडी सारखी झाल्याबिगर फिटायचा न्हाय."

अय्यो! अर्धा नवस ठेवला की दुखणं मागं फिरतं म्हणतात. रागानं म्या स्वामींनाच पारड्यात बसवणार होते.

तेवढ्यात गर्दीतनं सिद्धलिंग पुढं आला. आमचा शेजारी. कारहुणवीच्या सणाला बैलांची मिरवणूक निघायच्या वक्ताला ह्याच्या म्हशीनं मालकांचा नवाकोरा फेटा खाल्ला होता. तवापासनं दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

"माणसातलंच घाला मग," तो म्हणाला. "ह्याच्या अंगात बाटलीभर रक्त माझं हाय. मीबी थोडा महांतप्पाच की!"

मला ठाऊक होतं. सोलापूरला रक्त मिळंना, तवा हाच पहिल्या गाडीनं आला होता. म्या मालकांना सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर ह्यांनी सुई लावून परत काढून दिलं असतं.

मालक वरनं ओरडले, "तरीच! घरी आल्यापासनं म्हशी बघितल्या की माया येतीया!"

सिद्धलिंग पारड्यात चढला, तसं ते धाडकन खाली आन् गूळ वर.

"अरं, सगळा नको! बाटलीभरच!" स्वामी ओरडले.

मग त्यानं एक पाय भुईवर ठेवला, एक पारड्यात. तोल जाया लागला, झोकांड्या खाया लागला. मालक बघतच राहिले. मग काय मनात आलं देव जाणे, पुटपुटत का हुईना, त्यांनी आपला खांदा पुढं केला. सिद्धलिंगानं त्यावर हात टेकला. पारडी हळूहळू सारखी झाली.

लोकांनी "हर हर महादेव" केलं. मला रडूच कोसळलं. हात जोडले, पण तोंड सिद्धलिंगाकडं होतं. आज देवानं तेवढं चालवून घ्यावं.

नवस फिटला. सिद्धलिंग पाय काढाया लागला, तसा मालकांनी त्याचा हात घट्ट धरला.

"थांब की मर्दा. काटा हालतोय अजून."

काटा कवाच थांबला होता.