त्या दुपारी ताई माझ्यावरून उठल्या

मित्रांनो, मी एक जुनं चाकांचं स्टूल आहे. गोल बैठक, खाली पाच चाकं आणि मधे वरखाली होणारा दांडा, एवढाच माझा संसार. मला पाठ नाही, हात नाहीत. त्यामुळे माझ्यावर बसून कोणी डुलकी काढली, असं आजवर झालेलं नाही. ज्याला आराम करायचा असेल त्याने खुर्चीकडे जावं, माझं काही म्हणणं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखी ढीगभर स्टुलं होती, म्हणून लाड वगैरे काही झाले नाहीत. एका कामगाराने माझ्यावर बसून गिरकी घेतली, "चालतंय" म्हणाला आणि मला खोक्यात घातलं. सुरुवातीची वर्षं मी दातांच्या एका डॉक्टरांकडे काढली. तिथे येणारी माणसं दारातच अर्धमेली झालेली असत, स्टुलाकडे कोण बघणार? पुढे डॉक्टरांनी नवीन सामान आणलं आणि मला जिन्याखाली ढकललं. गरज सरो, वैद्य मरो, असं म्हणतात. माझ्या बाबतीत वैद्य ठणठणीत होता, गरज माझीच सरली. शेवटी जुन्या सामानाच्या दुकानदाराने मला उचलून नेलं.

त्या दुकानात ताई आल्या. ताई तळव्यांना मालिश करतात. दिवसभर उभे राहून दमलेले, बसून बसून आखडलेले, भेगा पडलेले पाय त्यांच्याकडे येतात. पायांबरोबर माणसंही येतात, पण माझ्या उंचीवरून मला पायच जास्त दिसतात. टेबलावर झोपलेल्या माणसाच्या पायथ्याशी बसायला आणि एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे सरकायला ताईंना चाकांचं काहीतरी हवं होतं. त्या माझ्यावर बसल्या, एकदा पुढे आणि एकदा मागे सरकल्या आणि मला घेऊन आल्या.

कौतुक मात्र सगळं टेबलाचं होतं. "काय मऊ टेबल आहे हो!" असं जो तो म्हणतो. माझ्या वाट्याला शाबासकी एकदाच आली. ताई वहिनींना म्हणाल्या होत्या, हे स्टूल आहे म्हणून माझी कंबर शाबूत आहे. बाकी, फळीवर एवढ्या तेलाच्या बाटल्या असूनही माझ्या कुरकुरणाऱ्या चाकाला कधी थेंबभर तेल मिळालं नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

वहिनी म्हणजे आमच्याच मजल्यावरच्या. तिथे तीन खोल्या आहेत. एक ताईंची, दुसरी बोटांनी दाब देऊन दुखणं हलकं करणाऱ्या मास्तरांची आणि पलीकडची सुगंधी तेलांनी उपचार करणाऱ्या वहिनींची. नवीन वर्षात काम सुरू झालं की पहिल्या दिवशी तिघं ताईंच्या खोलीत चहा घेतात आणि यंदा कामात काय करायचं ते मोठ्याने सांगतात. मोठ्याने सांगितलं की मागे फिरता येत नाही, असं मास्तरांचं मत आहे. मास्तर स्वतः दर वर्षी मागे फिरतात, ती गोष्ट वेगळी. नव्याचे नऊ दिवस, मग ये रे माझ्या मागल्या. त्या वर्षी वहिनींनी ठरवलं, दुपारचं जेवण दुपारीच जेवायचं. मास्तरांनी ठरवलं, रोज एक तरी नवीन माणूस यायला हवा. ताई म्हणाल्या, "यंदा माझ्या दारातून कोणी परत जाणार नाही."

हे त्या उगाच म्हणाल्या नव्हत्या. त्यांच्या आईंनीही जन्मभर हेच काम केलं. "तिच्या दारातून कोणी परत गेलं नाही," हे वाक्य त्यांच्या नात्यागोत्यात इतकं चालतं की चार माणसं जमली की निघतंच. निघालं की सगळे ताईंकडे बघतात. आदल्या वर्षी बोटं दुखत होती म्हणून ताईंनी काही जणांना नाही म्हटलं होतं. ते मावशीच्या कानावर गेलं. मावशी म्हणाली, आईचा हात आलाय पोरीत, आईचं मन नाही आलं. ते ताईंच्या जिव्हारी लागलं होतं.

तर ताई कंबर कसून कामाला लागल्या. सकाळी लवकर येऊ लागल्या, चहा गार होऊ लागला, माझ्या चाकांना उसंत राहिली नाही. आणि मग एका दुपारी ड्रायव्हरकाका आले. हे ताईंचं जुनं गिऱ्हाईक. ट्रक चालवतात आणि आल्यापासून जाईपर्यंत बोलतात. लांबचा पल्ला मारून आले होते, वाटेत गाडीतून फारसे उतरलेही नव्हते. डाव्या पोटरीत गोळा आलाय, जोर लावून दाबा, असं म्हणून ते टेबलावर आडवे झाले.

ताई माझ्यावर बसल्या. हाताला तेल लावून त्यांनी नेहमीप्रमाणे आधी उजवा पाय घेतला आणि मग मला डावीकडे सरकवलं. डावी पोटरी उजवीपेक्षा चांगलीच फुगली होती. ताईंनी पालथ्या हाताने तिला नुसता स्पर्श केला, मग उजवीला, मग पुन्हा डावीला. मालिश करताना त्यांचं वजन माझ्यावर सतत पुढेमागे होत असतं. ते थांबलं. काही तरी बिघडलंय, हे मला त्यावरून कळलं.

कुठे धडपडलात का, असं त्यांनी विचारलं. काका नाही म्हणाले. ताईंनी हात पुसले. मित्रांनो, हे काम शिकताना त्यांना अगदी सुरुवातीला सांगितलं होतं की एकच पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल, दुखत असेल, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. तिथे चोळायचं नाही. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस हातचा जातो. आता गुठळी असेलच असं नाही. साधा गोळाही असू शकतो. ते ठरवणं ताईंचं काम नव्हतं.

"काका, आज मी या पायाला हात लावणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जायला हवं."

काकांना आधी ती थट्टाच वाटली. मग ते चिडले. संध्याकाळी गाडी भरायची आहे, डॉक्टरकडे तासन्‌तास कोण बसणार, असं बरंच काही बोलले. शेवटी म्हणाले, "एवढ्या विश्वासाने आलो आणि तुम्ही मला दारातून परत पाठवताय?"

नेमकं तेच वाक्य. ताई अर्धवट उठल्या आणि पुन्हा माझ्यावर बसल्या. त्यात मास्तरांनी पडद्यातून डोकं घातलं. आवाज ऐकून आले होते, पाय काही त्यांनी पाहिला नव्हता. माणूस चांगला आहे, पण त्या दिवसाचं नवीन गिऱ्हाईक त्यांना अजून मिळायचं होतं. माझ्याकडे या, चुटकीसरशी मोकळा करतो, असं ते म्हणाले. काका चप्पल घालून त्यांच्याकडे निघालेसुद्धा. तेव्हा मला खरोखर भीती वाटली. पाच चाकं असून मला आपणहून हलता येत नाही, नाहीतर मी दारात आडवं पडले असते.

ताई उठल्या. इतक्या झटक्यात उठल्या की मी मागे जाऊन भिंतीवर आपटले. त्या दारात उभ्या राहिल्या आणि मास्तरांना म्हणाल्या, आधी पाय बघा, हात न लावता बघा. मास्तरांनी वाकून पाहिलं आणि पुढे केलेला हात मागे घेतला. मग हळूच म्हणाले, काका, ताई सांगतात तसं करा. तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी, असं काका पुटपुटले. बरं, जातो उद्या, असंही म्हणाले.

त्या उद्याचा ताईंना भरवसा नव्हता. त्यांनी ॲप्रन काढला आणि बाहेर बाकावर ताटकळत बसलेल्या दोघांना आज जमणार नाही म्हणून सांगितलं. ते कुरकुरत गेले. मास्तर गाडी आणायला खाली धावले. ताईंनी काकांचा दंड धरला आणि त्यांच्याबरोबर गेल्या. मी भिंतीपाशी रिकामं उभं राहिले. तेलाची बाटली उघडीच राहिली होती, तिचं झाकण मागाहून मास्तरांनी लावलं.

ताई संध्याकाळी परत आल्या. लेक अजून घरी का नाही म्हणून तिला शोधत त्यांच्या आईही तिथे आल्या होत्या. ताई माझ्यावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. गुठळीच निघाली होती. काकांना दवाखान्यात ठेवून घेतलं होतं, वेळेवर आणलंत असं डॉक्टर म्हणाले होते. एवढं सांगून झाल्यावर ताईंना रडू आलं.

"आई, तुझ्या दारातून कोणी परत गेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी एका दुपारी तिघांना घालवलं."

"कोण म्हणतं गेलं नाही?" आई म्हणाल्या. "अगं, कितीतरी जणांना मी हात लावला नाही. कुणाला ताप असायचा, कुणाचं हाड मोडलेलं असायचं. ज्यांना बरं वाटलं ते चार ठिकाणी सांगत सुटले. परत गेलेले कशाला सांगतील? तुझ्या मावशीलाच एकदा घालवली होती, ती सांगेल होय?"

ताई रडता रडता हसल्या. मला त्या दोघींचं वजन कळत होतं, कारण आईंनी लेकीच्या खांद्यावर हात टेकला होता. दोघी बऱ्याच वेळाने घरी गेल्या.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर काका पुन्हा आले. चेहरा रागाने जरा फुगलेलाच होता, पण आले. आता ते बाहेरच्या बाकावर बसतात आणि शेजारी जो असेल त्याला, विचारलेलं नसताना, सांगतात, "मला ताईंनी हाकलून दिलं होतं बरं का!" दर वेळी गोष्टीला नवीन पाय फुटतात. हल्ली त्यात मास्तर जिने उड्या मारत उतरतात. एकदा ताईंच्या आईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, चला, सांगणारा एक तरी निघाला.

मित्रांनो, मी आता थकले आहे. बैठकीला चिकटपट्टी लावली आहे आणि दांडा हळूहळू खाली बसतो. तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी असेल तर त्याला पुसा, त्याच्या चाकात अडकलेले केस काढा. माझ्यावर बसून ताईंनी कितीतरी पायांना आराम दिला, त्याचा मला आनंद आहे. पण माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोलाची दुपार मी रिकामं राहून काढली. तुम्हालाही कधी कोणी नाही म्हणेल. तेव्हा लगेच रुसू नका. नाही म्हणणारा माणूस जागेवरच बसून राहतो, की उठून तुमच्याबरोबर चालू लागतो, तेवढं आधी बघा.