रिन्योकाकीचं बी

आईच्या पातांगमध्ये पाच जणी होत्या. आज हिच्या शेतात लावणी, उद्या तिच्या, अशी पाळीपाळीने राबणारी ही एका वयाच्या मुलींची टोळी. बाराव्या-तेराव्या वर्षी जमते, म्हातारपणापर्यंत मोडत नाही. एखादी मेली, की तिची पाळी तिच्या घराकडे जाते. आई गेली आणि पाळी माझ्या गळ्यात आली. बाकीच्यांपैकी दोघी गेल्या, त्यांच्या घरांनी शेती सोडली. एक इटानगरला लेकाकडे आहे. उरलो आम्ही दोघी. सत्तरी ओलांडलेली रिन्योकाकी, आणि हापोलीच्या कचेरीत खुर्ची उबवणारी मी.

या वर्षी माझी रोपं गायीने खाल्ली. कुंपण बांधायचा कंटाळा, दुसरं काय! मी तोंड पाडून काकीकडे गेले.

"अर्धी माझी घे," ती म्हणाली.

"आणि तुला गं?"

"मी अर्धंच शेत लावीन. या गुडघ्यांनी सगळं लावायला मी काय सोळा वर्षांची आहे?"

तिचं बी जुनं होतं, लालसर, बुटक्या दाण्याचं. गावाने केव्हाच नवं बी धरलं, हे फक्त तिच्या घरी टिकलं. त्यात गेल्या थंडीत उंदरांनी तिची कोठी पोखरली. उरलं तेवढं सगळं तिने पेरलं होतं. मागे ठेवलेला एक दाणा नव्हता, हे तिने मला तेव्हाच सांगितलं.

माझ्या शेतात ती तीन दिवस वाकून राबली. जुन्या बायका नाकपुड्यांत घालतात त्या काळ्या चकत्यांवर, हनुवटीच्या गोंदणावर चिखल उडालेला, आणि तोंड अखंड चालू.

"याकांग, तुझ्या आईच्या ओळी बघायला हव्या होत्यास. तुझ्या म्हणजे, तांदळाची ओ पिऊन झिंगत घरी निघाल्यासारख्या."

तिचं शेत पाटाच्या शेपटाला, पाणी उशिरा पोचतं. म्हणून तिची पाळी शेवटची. त्या दिवशी माझी पाठ धरली. खरं सांगते, फार नव्हती धरली. नाक्यावरच्या दोन मजूर बायांना मी पैसे देऊन पाठवलं आणि पांघरूण ओढून घेतलं.

काकीने त्या दोघींना बांधावर बसवलं, भात-मासे वाढले, ओ पाजली आणि माघारी धाडलं. "पाळी हातानेच फिटते, विकतच्या हाताने नाही," एवढाच निरोप आला. मला राग आला. मरू दे म्हातारीचा हट्ट, म्हटलं.

पुढच्या रविवारी गेले. तिने एकटीने एक कोपरा लावला होता. बाकीच्या रोपांच्या जुड्या पाण्यात पिवळ्या पडल्या होत्या.

"आण इकडे, लावते मी."

"आता? ओंबी भरायच्या आत हिव पडेल."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला रडू फुटलं.

"रडतेस काय? तुझ्या शेतात अर्धं आहे ना! कापणीआधी मला हाक मार. बी उभ्या पिकातून निवडायचं असतं, एकेक ओंबी बघून."

"मारीन."

"विसरशील."

"नाही गं विसरणार."

विसरले नाही, त्याहून वाईट केलं. कापणीला माणसं मिळेनात. मजुरांची एक टोळी गुरुवारी मोकळी आहे असं बुधवारी संध्याकाळी कळलं, आणि मी हो म्हणून बसले. काकीचे गुडघे सुजले होते. म्हटलं, कशाला ओढा तिला चिखलात, पोत्यातून निवडेल. आणि मी कचेरीत गेले.

आमच्या आया भात वाळवून गावाबाहेरच्या कोठीत भरायच्या. माझ्या कोठीचं छप्पर बसलंय. दोन वर्षं माझं भात शेतातूनच गिरणीच्या गाडीत जातं. टोळीने यंदाही तेच केलं. न विचारता केलं, कारण तसं मीच सांगून ठेवलं होतं. शुक्रवारी धावत गिरणीवर पोचले, तर माझ्या नावाची पोती भरून तयार होती, पांढऱ्याशुभ्र तांदळाची.

पोती मी घरी आणली. कापणी झाल्याचं ऐकून शनिवारी काकी आली. हातात बियाण्याची छोटी टोपली. तिच्या कोपऱ्यात हिव लागून नुसता पोचट दाणा निघाला होता. तिने पोत्यात हात घालून तांदूळ पाहिला.

"सूप आण," म्हणाली. "गिरणीत एखादा दाणा सालासकट सुटतो. एक मिळाला तरी पुरे. एकाची ओंबी होते."

आम्ही चुलीजवळ बसलो. ती पसरायची, मी बोटांनी चाळायची. पहिलं पोतं संपलं, दुसरं संपलं. चूल विझली तरी कुणी उठलं नाही. तिसऱ्या पोत्याच्या तळाशी माझ्या नखाला टोचलं.

"काकी! सापडला! अगं, हा बघ!"

मी लहान पोरीसारखी ओरडले. तिने दाणा तळहातावर घेतला, दारात गेली, उजेडात फिरवून पाहिला. लांब होता. बारीक होता.

"हा आपला नाही," ती म्हणाली. "गिरणीत आपल्याआधी कुणीतरी खालचं, आसामकडचं भात आणलं असेल."

दाणा तिने माझ्या हातावर ठेवला आणि माझी मूठ मिटली. "पुढच्या वर्षी लावणीला येऊ नकोस, याकांग. मीही यायची नाही."

टोपली तिने दारातच ठेवली. घरी नेऊन तिला काय करायचं होतं?