हिरोशिमाची न झालेली कुस्ती

भिकन पाटील शिबिरातून घरी निघाला तेव्हा हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेला जेमतेम दोन आठवडे उरले होते. भारताच्या कुस्तीसंघात सगळ्यात हलक्या वजनगटात त्याचं नाव लागलं होतं. सुरतेतल्या लिंबायत वस्तीच्या खोल्यांमधून देशाच्या संघात पोचलेला तो पहिलाच. बाप लोटू वीस वर्षं पॉवरलूमवर उभा होता. पोराला दूध-बदाम मिळावेत म्हणून त्याने कितीदा लागोपाठ दोन पाळ्या ओढल्या होत्या. त्याच बापाला ताप भरल्याची तार आली, म्हणून मॅनेजरने चार दिवसांची सुट्टी दिली.

सुरत स्टेशनवर सगळी गर्दी बाहेर पळणाऱ्यांची होती. तोंडाला रुमाल, डोक्यावर गाठोडी. लोक खिडक्यांतून भुसावळच्या गाडीत शिरत होते.

"प्लेग आलाय," हमाल म्हणाला. "तू कशाला उतरलास?"

घरी लोटू खोकत होता. उशाजवळच्या वाटीत रक्त होतं. शेजारच्या खोल्यांना कुलपं, रस्त्यावर एक रिक्षा नाही. भिकनने बापाला पाठीवर घेतलं आणि सरकारी दवाखान्यापर्यंत चालत नेलं. अठ्ठेचाळीस किलोच्या गटात लढणाऱ्या पोराला बाप आपल्याहून हलका लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लोटू गेला. प्रेत घरी दिलं नाही. तोंडं बांधलेल्या माणसांनीच अग्नी दिला; भिकनला वीस पावलांवरून बघू दिलं. मग त्यालाही वॉर्डात ठेवलं, पाच दिवस कॅप्सूल दिल्या. त्याला ना ताप आला, ना खोकला. डॉक्टरांनी निरोगी असल्याचा कागद लिहून दिला.

आई मंगलाबाई दारात बसून होती. भिकन तिच्याजवळ टेकला.

"तू जाय," ती म्हणाली. "दहावं तुना हिलालकाका करी. आठे मी शे." इथलं ती बघून घेणार होती.

दीड दिवसाचा प्रवास करून तो शिबिराच्या फाटकाशी पोचला. संघ दोन दिवसांनी निघणार होता. मॅनेजर बाहेर आला तो नाकाला रुमाल लावूनच, आणि लांबच थांबला.

"सर, डॉक्टरांचा कागद आहे."

"कागदावर गाव सुरतच आहे ना?"

"मला काही झालेलं नाही सर."

"तिकडे विमानतळावर एकेकाला तपासणार आहेत. तुझ्यापायी सगळा संघ परत पाठवला तर? आणि कुस्ती आहे ही, भिकन. धावायची शर्यत असती तर गोष्ट वेगळी. तुझ्या अंगाला हात कोण लावेल?"

ज्या सोबत्यांशी तो रोज मातीत लोळला होता, ते व्हरांड्यात उभे होते. एकानेही फाटकाकडे पाऊल टाकलं नाही. चौकीदाराने काठीला अडकवून त्याची बॅग बाहेर ठेवली. संघाचा ब्लेझर तेवढा आत राहिला.

बदली खेळाडूचं नाव पाठवायची मुदत उलटून गेली होती. त्या गटात भारताचा कोणीच लढला नाही.

चार वर्षांनी एका सरकारी तालमीत मार्गदर्शकाची जागा निघाली. अर्जाला आंतरराष्ट्रीय सहभागाचा पुरावा हवा होता. भिकन क्रीडा खात्याच्या कचेरीत गेला. तिथल्या रजनीताई मराठी निघाल्या. त्यांनी कपाटातून जाडजूड पुस्तक काढलं. एक्कावन्न सालापासून भारत प्रत्येक आशियाई स्पर्धेला हजर होता, सगळं वर्षवार छापलेलं. हिरोशिमाच्या पानावर चार सुवर्णपदकं होती. खाली कुस्ती, मग वजनगट. पहिल्याच ओळीत दोन शब्द होते: सहभाग नाही.

"माझी निवड झाली होती, ताई." भिकनने बापाच्या आजारपणाची आणि फाटकावरून परत पाठवल्याची हकीकत सांगितली.

"निवडीचा रकाना नाही हो यात." त्यांनी पान पुन्हा वाचलं. "असं करा, वडिलांच्या मृत्यूचा दाखला जोडा. प्लेगमुळे तुम्हाला थांबवलं, असं मी टिपणीत लिहिते."

भिकनने दाखला पुढे केला. प्लेग तपासणीत सिद्ध झाला नव्हता, म्हणून कारण न्यूमोनिया लिहिलं होतं. रजनीताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मग कशाच्या आधारावर लिहू?" त्यांनी हळूच विचारलं.

अर्ज महिन्याभराने परत आला.

"पुस्तकमा तुनं नाव शे का?" मंगलाबाईने ताट वाढताना विचारलं.

"नही."

भाकरी त्याच्या ताटात टाकून ती चुलीकडे वळली.

हिलालकाकाने शब्द टाकला आणि भिकनला लूमवर काम मिळालं. डिसेंबरात बँकॉकला पुढची आशियाई स्पर्धा सुरू झाली. कारागिरांनी कारखान्याच्या दारातल्या चहाच्या टपरीवर पेपर उघडला, कुस्तीच्या बातमीवर बोट ठेवून भिकनला हाक मारली. त्याने हात हलवून नको म्हटलं आणि तुटलेला धागा जोडायला वाकला.