बाळाआत्तीची उंची

सांबऱ्याच्या सौम्यानं वर्षभर खपून आपल्या आत्तीचं मॉडेल केलं होतं. बाळाबाई हँडलवर एक हात ठेवून उभी, शेजारी तिची मोटारसायकल, मागं दुधाचे दोन कॅन. सगळं खऱ्याच्या बाराव्या हिश्श्यात. बँकेतून सुट्टी काढून तिनं ते बेळगावातल्या संग्राहकांच्या प्रदर्शनात, मॉडेलांच्या स्पर्धेत मांडलं.

परीक्षक होते नागेंद्र सर. निपाणीत त्यांचं लेथचं वर्कशॉप. त्यांनी कॅलिपर लावून चाकं मोजली, टाकी मोजली, आरसेसुद्धा मोजले.

"गाडी बरोबर हाय," ते म्हणाले. "पण बाई लहान झाली बघा. एकशे सतरा मिलिमीटर. बारानं गुणलं की चार फूट सात इंच. हँडल छातीला लागतंय. एवढी बाई ही गाडी चालवंल कशी?"

"रोज चालवतीया सर. माझी आत्ती हाय ती."

सरांचा विश्वास बसेना. सौम्यानं फोन लावला. "आत्ती, गाडी घिऊन ये. एकांना तुझी उंची बघायची हाय."

"या वयात स्थळ आलं काय मला?" बाळाबाई म्हणाली. "थांब, येतो."

अर्ध्या तासात ती आली, पातळ कंबरेला खोचून, रिकाम्या कॅनसकट. हॉलच्या पायरीला गाडी चिकटवून तिनं डावा पाय पायरीवर टेकला आणि अलगद उतरली. गाडीशेजारी उभी राहिली, तर हँडल बरोबर छातीला.

"आक्का, चप्पल काढता काय जरा?" नागेंद्र सरांनी टेप धरला. एकशे चाळीस सेंटिमीटर. त्यांनी पुन्हा मोजलं. तेवढंच.

"चुकलो मी," सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि बाईच्या आकृतीच्या रकान्यात दहापैकी दहा गुण लिहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाळाबाई चष्मा लावून मॉडेलवर वाकली. "नाक लई झ्याक केलंस गं. पण कॅन माझा न्हाय. माझा चाळीस लिटरचा, ह्यो वीसचा दिसतोय."

सौम्याचा चेहरा उतरला. मोजायच्या दिवशी आत्तीचे कॅन फेरीवर गेले होते, म्हणून तिनं शेजारच्या जयाबाईचा मोजला होता. "आत्ती, आत्ताच सांगायचं व्हतं काय हे?"

"मग कवा? नंबर दिल्यावर?"

सरांनी कॅन मोजले आणि हसत दोन गुण कापले. त्या दोन गुणांनी पहिला नंबर लोंढ्याच्या परशरामांकडे गेला. सौम्या दुसरी आली.

वाईट वाटायला तिला सवडच मिळाली नाही. बाळाबाईबरोबर फोटो काढायला रांग लागली होती, आणि मॉडेल सांभाळून धरायचं काम सौम्याकडे आलं होतं. प्रत्येक फोटोला बाळाबाई हँडलवर हात ठेवून ताठ उभी राहायची. रांगेत नागेंद्र सरही होते.

चार वाजता धारांची वेळ झाली. बाळाबाईनं पायरीवरून टांग मारली, सौम्या मॉडेल आणि बक्षीस छातीशी धरून मागं बसली.

"पुढच्या साली म्हशी कर," बाळाबाई गाडी चालू करत म्हणाली. "सा हाईत. एकीचं शिंग मोडलंय, तेवढं ध्यानात ठेव."

सौम्या हसायला लागली, ती सांबऱ्याच्या विमानतळाच्या वळणापर्यंत हसतच होती.