चपला काढायची जागा

“माझीच चप्पल नेमकी कोण मागे ढकलतं, देव जाणे,” माझ्यासमोर वाकून लतिकावहिनी पुटपुटल्या.

मित्रांनो, असली कुरकुर मला पाठ आहे. मी चपलांची एक जुनी रॅक. दुबईत अल मनखूलमधल्या एका इमारतीत, पहिल्या मजल्यावर मराठी मंडळाचा हॉल आहे. आत देव, बाहेर मी. आतली माणसं काय मानतात ते आरतीत ऐकू येतं. काय करतात ते दाराशी दिसतं.

मला मोईनमिस्त्रींनी घडवलं, सामानाच्या खोक्यांच्या फळ्यांतून. इथं माणसं अनवाणी उभी राहणार म्हणून त्यांनी एकेक खिळा बोटानं चाचपला. आमच्या देवाशी त्यांचं काही नातं नव्हतं. तरीही.

पुढं मी काय काय सांभाळलं! ऑफिसचे बूट, लग्नातल्या मोजड्या, चालताना लुकलुकणारे पोरांचे बूट. मंडळाचे अध्यक्ष राजनकाका पाहुण्यांना मला दाखवून सांगत, आपल्याकडे लहानमोठा भेद नाही, सगळ्यांच्या चपला एकाच रॅकवर. लाकडाची असून मी फुगायची.

सर्वांत खालचा कोपरा कृष्णाबाईंचा. अल बर्शात तीन घरी स्वयंपाक करतात. वर्षानुवर्षं गणपतीला मोदक त्यांच्या हातचे, आणि आरतीला त्या मागच्या रांगेत. यंदा त्यांची लेक नर्सिंग पास झाली. तिच्या नावाचे पेढे स्वतःच्या हातानं देवापुढं ठेवायचे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

यंदाच हॉल नवा झाला. गुळगुळीत फरशी, काचेचं दार. मला मात्र दोन वर्षांत कुणी फडकंसुद्धा लावलं नव्हतं. असो.

गणपतीच्या सकाळी लतिकावहिनींनी कृष्णाबाईंच्या निळ्या सँडल दोन बोटांत उचलल्या आणि मागच्या जिन्यात, कचऱ्याच्या डब्याशेजारी नेऊन ठेवल्या. मला वाटलं, चुकून झालं असेल. मग त्यांनी कृष्णाबाईंना गोडीत सांगितलं की रॅकवर जागा होत नाही, तुम्ही आपलं किचनच्या दारानंच ये-जा करा, आरती तिथंही ऐकू येते.

मित्रांनो, माझे अकरा कप्पे रिकामे होते. मला जीभ असती तर तेव्हाच ओरडले असते. माझ्यावरची धूळ तुम्ही पुसा किंवा नका पुसू. पण माझ्या नावावर असलं खोटं खपवू नका, एवढं मागते.

आरतीची वेळ झाली. निरांजन पेटलं. तेवढ्यात कृष्णाबाई मागचा जिना उतरून, इमारतीला वळसा घालून, पुढच्या जिन्यानं वर दाराशी आल्या. एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात सँडल. माझ्यासमोर थांबून त्यांनी लतिकावहिनींना शांतपणे विचारलं, “ताई, ह्या कुठं ठेवू?”

लतिकावहिनींचे यजमान उपेंद्र म्हणाले की बिल्डिंगचा काहीतरी नवा नियम आलाय. कुणी म्हणालं फरशी नवी आहे, कुणी गर्दीचं काढलं. राजनकाका मोबाईल बघू लागले. सगळ्यांची नजर सगळीकडं होती, फक्त माझ्या रिकाम्या कप्प्यांवर नव्हती.

गुडघ्यांमुळे दाराशीच खुर्चीत बसलेल्या प्रमिलाकाकू, राजनकाकांच्या पत्नी, म्हणाल्या, “बिल्डिंगवर नका ढकलू. जागाही भरपूर आहे. नव्या हॉलमध्ये कामवाली आपल्यासोबत पुढच्या दारानं आलेली आपल्यालाच नको होती. लतिकाला मीच सांगितलं, आणि तुम्ही सगळ्यांनी मान डोलावलीत.”