चावी एक घर मागे

सकाळी साडेआठ वाजता पाम बीच रस्त्यावर, सारसोळ्याच्या थोडे अलीकडे, माझे इंजिन बंद पडले. मी चौथ्या गियरमध्ये होते. रस्त्यातल्या उंचवट्यावरून चाके आदळली आणि समोरचे सगळे काटे शून्यावर बसले. स्टिअरिंग जड झाले, ब्रेकचे पेडल दगडासारखे कडक झाले. स्नेहलने दोन्ही हातांनी मला ओढत डाव्या कडेला आणले. मागची बस हॉर्न वाजवत अगदी घासून पुढे गेली.

शेजारी तिचे वडील, नामाशेठ, बसले होते. बेलापूरला काम होते म्हणून ते सोबत आले होते.

"क्लच सोडलास ना?"

"बाबा, चौथ्या गियरमध्ये क्लच सोडलेलाच असतो."

"मंग तुज्याच हातात कशी बंद पडते? माज्या हातात कदी पडली? उद्यापासून तू रिक्षानं जा. चावी माज्याकडं राहील."

स्नेहलने चावी फिरवली. मी पहिल्या झटक्यात सुरू झाले. त्यामुळे तिची बाजू आणखी पडली.

मित्रांनो, मी बोनकोडे गावची एक जुनी पांढरी मोटार आहे. जुनी आहे, मोडकी नाही. माझे इंजिन आजही खणखणीत आहे. गावठाणातल्या जागेवर नामाशेठनी भाड्याच्या खोल्यांची इमारत बांधली, त्याच वर्षी त्यांनी मला आणले. त्यांच्या पत्नी शेवंताबाईंनी मला ओवाळले आणि माझ्या चाकाखाली लिंबू ठेवले. गावातल्या किती हळदींना मी माणसे पोहोचवली, कार्ल्याचा घाट भरल्या गाडीनिशी किती वेळा चढले! "नामाची गाडी म्हंजे घोडा हाय," असे लोक म्हणत. स्नेहल माझ्यावरच गाडी शिकली. या घरात उजव्या सीटवर बसलेली ती पहिली बाई. खारघरच्या एका कॉलेजात ती प्रयोगशाळा सांभाळते आणि रोज स्वतः गाडी चालवत तिथे जाते, याचा मला अभिमान आहे.

आता माझ्या दुखण्याविषयी सांगते. प्रत्येक खोलीची एक चावी नामाशेठ स्वतःकडे ठेवतात, कारण भाडेकरू चाव्या हरवतात. इमारतीवर मजले चढले तसा चाव्यांचा जुडगा फुगला. त्यात गच्चीची चावी आली, पाण्याच्या पंपाची आली, एकवीरा आईचे पितळी पदकही आले. हा सगळा जुडगा माझ्या चावीला लटकत असे. चौकात उतरले की नामाशेठ तो बोटावर फिरवत. मालक कोण, हे वेगळे सांगावे लागत नसे.

चावी जागेवर धरून ठेवणारा एक बारीक खटका माझ्या स्विचमध्ये असतो. वर्षानुवर्षे ते ओझे झुलत राहिले आणि खटका झिजला. आता मोठा धक्का बसला की जुडगा खाली हिसका देतो, चावी एक घर मागे, म्हणजे 'बंद'च्या बाजूला, फिरते आणि इंजिन थांबते. नामाशेठ अंगाने भरलेले, गुडघे फाकवून बसणारे. त्यांच्या गुडघ्यावर जुडगा टेकलेला असतो, म्हणून त्यांच्या हातात मी चालत राही. स्नेहल सडपातळ आहे. तिच्यापुढे तो मोकळा लोंबकळतो.

गॅरेजमध्ये माझे प्लग बदलले, बॅटरी बदलली, पेट्रोलचा पंपही बदलला. पण मला तिथे सोडताना नामाशेठ जुडगा काढून घेत. भाडेकरूंच्या चाव्या परक्या हातात कशा द्यायच्या? त्यांचा विचार चुकीचा नव्हता. मात्र नुसत्या चावीवर गॅरेजवाल्यांनी मला कितीही फिरवले तरी मी थांबेना.

"गाडी एकदम ओके आहे शेठ. चालवतं कोण?"

सगळ्यांच्या नजरा स्नेहलकडे वळल्या. शेवंताबाईंनी लिंबू-मिरची बांधून पाहिली.

पाम बीचच्या प्रसंगानंतर स्नेहल रिक्षाने जाऊ लागली. एका सकाळी नामाशेठ जुडगा घरी ठेवून पायीच गावकीच्या बैठकीला गेले होते. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू चावी हरवून दारात उभा राहिला. शेवंताबाईंनी त्याला अख्खा जुडगा दिला, पण आधी नवऱ्याच्याच सवयीने माझी चावी काढून घेतली. स्नेहलला रिक्षा मिळत नव्हती.

"चल, मी बसते बाजूला. बंद पडली तर ढकलीन."

"आई, तुला जिना चढवत नाही, तू गाडी ढकलणार?"

"आता बोलत बसू नको. काढ गाडी."

त्याच उंचवट्यावरून मी जशीच्या तशी पुढे गेले. स्नेहलने पुढच्या सिग्नलला वळून, मागून फेरा घेऊन मला पुन्हा त्यावरून नेले. इंजिन चालूच. मग तिची नजर चावीकडे गेली. चावीला काहीच लटकत नव्हते.

संध्याकाळी तिने वडिलांना शेजारी बसवले. जुडगा लावून फाटकाजवळच्या गतिरोधकावर मला जोरात घातले. मी थांबले. जुडगा काढून पुन्हा घातले. मी थांबले नाही.

"बघितलंत बाबा? लिंबू नको, हा जुडगा काढा."

नामाशेठनी जुडगा हातात तोलून पाहिला. म्हणाले, "येवड्या चाव्या मी ठेवू कुठं?"

"कमरेला बांधा," शेवंताबाई फाटकातून म्हणाल्या. "नाडी देते."

मित्रांनो, चालती गाडी अचानक थांबली आणि लगेच सुरू झाली, तर सुटलो असे समजू नका. ती कुठे थांबली, कशाने थांबली, ते पाहा. चावीला ओझे लटकवू नका. आणि तपासायला नेताना गाडी रोज जशी चालते तशीच न्या. नाहीतर दोष भलत्याच्याच माथी बसतो.

काल मला नवा स्विच बसला. त्याच्यासोबत दोन चाव्या आल्या. "दुसरी कोनाला?" नामाशेठनी विचारले. गॅरेजवाला काय सांगणार?

आज सकाळी स्नेहल कामाला निघाली आहे. नामाशेठ तिच्याआधी खाली आले, माझे डावे दार उघडून बसले आणि त्यांनी पट्टा लावला. दोन्ही चाव्या त्यांच्या मुठीत आहेत. स्नेहल उजव्या दाराशी उभी आहे. माझी चालवायची जागा त्यांनी सोडली आहे, चाव्या अजून नाहीत.