करपलेल्या कडांचा झगा

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे. पण थांबा, शर्टावरून फिरणारी ती दांडगी इस्त्री डोळ्यांपुढे आणू नका. मी आहे एवढीशी! एक लाकडी मूठ, तिच्यातून निघालेली बारीक दांडी आणि दांडीच्या टोकाला बोराएवढा पितळी गोळा. कपड्यांच्या सुरकुत्या काढणं माझं काम नव्हे. मी रेशमाच्या पाकळ्या वळते. आणि सध्या मी इतकी खुशीत आहे की कोणाला तरी सगळं सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

चरकावर लाकूड आणि पितळ कातणाऱ्या एका कातार्‍याने मला घडवलं. त्याने माझा गोळा घासून घासून असा गुळगुळीत केला की त्यात त्याला स्वतःचं नाक दिसलं, तेव्हा कुठे स्वारी समाधान पावली. तिथून मी उंची कपडे करणाऱ्या एका नामांकित फॅशन हाउसमध्ये आले. तिथल्या वरच्या मजल्यावर एक खोली होती. सगळे तिला फुलखोली म्हणत. तिथे दोघी बहिणी काम करत. थोरली रेशमाची फुलं करायची आणि धाकटी ती कपड्यांवर शिवायची, तीही असे टाके घालून की टाका कुठे आहे ते शोधत बसावं.

थोरलीची पद्धत ठरलेली होती. खळ देऊन कडक केलेल्या रेशमाची पाकळी ती भुशाच्या उशीवर ठेवायची, मला स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची आणि पाकळीच्या पोटात हलकेच दाबायची. पाकळीला छान खोलगट बाक यायचा. पण त्याआधी ती मला न चुकता एका चिंधीवर टेकवून बघायची. चिंधी पिवळी पडली की लगेच मला फुंकर! "कड करपली की पाकळी वाया गेली," हे तिचं पालुपद होतं.

आमची फुलं पाहून लोक वास घ्यायला वाकायचे. असं कोणी वाकलं की मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटायचं, जरी माझ्या अंगावर मांस नाही.

मग यंत्र आलं. एका दणक्यात ढीगभर पाकळ्या! माझी रवानगी खणात झाली. तिथे तुटकी बटणं आणि गंजलेल्या टाचण्या होत्या, आणि त्यांच्याशी बोलणार तरी काय? माझं पितळ काळवंडलं. थोरली खण उघडायची, माझ्याकडे बघायची आणि कात्री घेऊन खण बंद करायची. मला फार वाईट वाटायचं.

यंदा मात्र चक्र फिरलं. हाउसच्या मुख्य डिझायनरला आम्ही मोठ्या बाई म्हणतो. त्यांनी वसंताच्या शोसाठी जागं होणारं रान हा विषय घ्यायचं ठरवलं. शेवाळी रंगाचे कोट, झाडाच्या सालीसारख्या चुण्यांचे स्कर्ट, फुलपाखराच्या पंखासारख्या बाह्या आणि शेवटी नखशिखांत फुलांचा एक झगा! झग्यावर यंत्राची फुलं लावून पाहिली. मोठ्या बाईंनी नाक मुरडलं.

"ही फुलं शाळेच्या गणवेशात उभी आहेत," त्या म्हणाल्या. मग थोरलीकडे वळल्या. "हा झगा तुम्ही हाताने करा. पण खरं सांगते, मालकांना ही खोली गोदामासाठी हवी आहे. झगा लोकांच्या मनात भरला तरच मला त्यांना थोपवता येईल. नाहीतर नाही."

त्याच दुपारी थोरलीने मला चिंचोक्याएवढ्या पॉलिशने लख्ख घासलं. मित्रांनो, दिव्याची ऊब पुन्हा लागली तेव्हा मला काय वाटलं म्हणून सांगू! पुढचे कित्येक आठवडे आम्ही श्वास घ्यायलाही थांबलो नाही.

शोचा दिवस उजाडला. ऐन वेळी डागडुजी लागली तर हाताशी असावं म्हणून बहिणींनी मला आणि दिव्यालाही सोबत आणलं होतं. पडद्यामागे नुसती धांदल होती. कोणी चप्पल शोधत होतं, कोणी कोणाच्या पाठीवरची चेन ओढत होतं. रॅम्पच्या दोन्ही बाजूंना खरं शेवाळ आणि खरी झुडपं मांडायची होती. त्यांच्या कुंड्या एका कोपऱ्यात ठेवलेल्या होत्या. तिथे कोणाचा धक्का लागणार नाही म्हणून धाकटीने आमचा झगा स्टँडसकट तिथेच उभा केला. इथेच घोटाळा झाला.

झाडांचे माळीकाका हातात पाण्याचा पंप घेऊन कुंड्यांना पाणी मारत आले. समोर एवढी फुलं! काकांनी मोठ्या मायेने त्यांनाही न्हाऊ घातलं.

"अहो काका, काय करताय?" धाकटी किंचाळली.

"पाणी देतोय, बाई. दिव्यांची धग किती आहे बघा. कोमेजतील ना!"

"रेशमाची आहेत हो ती!"

काकांनी एक पाकळी चिमटीत धरली आणि ते पार ओशाळले. "सगळी हयात बागेत गेली माझी," एवढंच ते पुटपुटले.

खळ विरघळली होती. फुलांनी माना टाकल्या होत्या, खालची तर पार लोळागोळा झाली होती. बाहेर संगीत सुरू झालं. मोठ्या बाई धावत आल्या, झगा बघितला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ताई, गाडीत यंत्राच्या फुलांची पेटी आहे," धाकटी रडवेल्या आवाजात म्हणाली. "आणू का?"

थोरली एक भिजकी पाकळी बोटाने उभी करून पाहत होती. तेवढ्यात माळीकाका चाचरत म्हणाले, "एक सांगू? लांब दांड्याच्या फुलझाडाला खालचं फूल आधी उमलतं आणि तेच आधी सुकतं. वर टोकाला कळ्याच असतात. हा झगा आत्ता तसाच दिसतोय मला."

थोरलीने झग्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दिवा पेटव," ती म्हणाली.

"ओल्या रेशमावर इस्त्री? अगं, करपेल ते!"

"करपू दे! पेटव गं लवकर!"

तिने मला ज्योतीत धरलं. आजवर कधी धरलं नव्हतं इतका वेळ धरलं. चिंधी पिवळी पडली, मग तपकिरी झाली, तरी फुंकर नाही! चर्र! मी खालच्या फुलाच्या कडेला टेकले आणि कड आक्रसून आत वळली, जुन्या फुलाची वळते तशी. आयुष्यभर जे टाळलं ते आता आम्ही मुद्दाम करत होतो. मी भीतीने आणि आनंदाने नुसती थरथरत होते. झग्याच्या वरच्या फुलांपाशी आल्यावर मात्र तिने मला निववलं आणि पाकळ्या अलगद मिटवून त्यांच्या कळ्या केल्या. धाकटी टाके घालत होती आणि माळीकाका टोपीने वारा घालत होते.

मॉडेल रॅम्पवर गेली तेव्हा थोरली मला मुठीत घट्ट धरून पडद्याच्या फटीशी उभी होती. मॉडेलच्या खांद्यावर मिटलेल्या कळ्या होत्या, कमरेशी भरात आलेली फुलं आणि घेराला कोमेजलेली, करपल्या कडांची. चालताना दोन-चार पाकळ्या गळून मागे पडल्या. सभागृह चिडीचूप झालं.

"गेलं सगळं," थोरली कुजबुजली.

आणि मग टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले! धाकटीने माळीकाकांनाच मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई फुलखोलीत आल्या. "मालक तयार झाले. खोली राहतेय," त्या म्हणाल्या. थोरली ढसाढसा रडली. मोठ्या बाईंनी स्टूल ओढलं, मला हातात घेतलं आणि विचारलं, "मला शिकवाल?" त्यांची पहिली पाकळी जळाली. दुसरीही. थोरली डोळे पुसत हसली आणि तिने आपला हात त्यांच्या हातावर ठेवला.

मित्रांनो, तुमच्या घरात एखाद्या खणात माझ्यासारखं जुनं हत्यार पडलेलं असेल. ते बाहेर काढा, पुसा, पण तेवढ्यावर थांबू नका. ते ज्याला चालवता येतं त्याच्याशेजारी जाऊन बसा आणि तो आहे तोवर शिकून घ्या. मला घासून लख्ख कोणीही करील. मला किती तापवायचं हे मात्र थोरलीच्या हातालाच कळतं, आणि तो हात आता म्हातारा होत चालला आहे.